पाठमोऱ्या आईचं दालन

चपला काढू नका. पाय धुवायला पाणी कुठं मिळेल, तेही विचारू नका. या दालनात मळके पाय चालतात. स्वच्छ पायांनी आत येणाऱ्याकडेच चिंचसरचे लोक जरा संशयानं बघतात.

आता भिंतींकडे बघा. चार भिंती, प्रत्येक भिंतीत एक देवळी आणि प्रत्येक देवळीत आमची तळ्याची आई. पण तिचं तोंड कुठंच दिसणार नाही. चारही मूर्ती भिंतीकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून उभ्या आहेत. आम्ही कुंकू पाठीला लावतो आणि ओटीही पाठीमागूनच भरतो. नवी सून पहिल्यांदा आली की म्हणते, ही कसली पूजा? मग तिला इथं बसवून गोष्ट सांगायची, ते काम आमच्या घराकडे आहे. मी इथली गुरवीण. सासऱ्यांनी मला सांगितली, तशीच मी सांगत आले.

आणि हळू बोला. खाली झोपलेत ते लोक बांधाच्या दुरुस्तीवरचे आहेत. त्या कोपऱ्यात डोक्याखाली टॉवेल घेऊन पडलाय तो वाळूचा ट्रक चालवतो. कुणाचे पाय पूर्वेला, कुणाचे पश्चिमेला. दुपारभर हे असंच असतं.

तुमच्या साहेबांनी आल्या आल्या मला विचारलं, की आम्ही कारखान्याच्या ऑफिसात लोकांना विसाव्यासाठी खोली केली, मऊ गाद्या टाकल्या, झाडं ठेवली, पाखरांचा आवाज काढणारा डबा लावला, तरी तिकडे कुणी फिरकत नाही. आणि तुमच्या या पडक्या दालनात पाऊल ठेवायला जागा नसते, हे कसं? साहेबांबरोबर ऑफिसातून आलेल्या या केतकीबाईंनी मोबाईलवर त्या खोलीचा फोटोही दाखवला. मी बघितला. खोलीची एक भिंत काचेची आहे, काचेपलीकडे साहेबांचं टेबल आहे आणि दाराशी अंगठा लावायचं यंत्र आहे, आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढंच तेव्हा मनात आलं. बाकीचं आधी सांगितलं असतं तर तुम्ही गोष्ट ऐकली नसती.

असं सांगतात, की हे तळं बांधायचं काम हैबतराव नावाच्या कारभाऱ्याकडे होतं. राज्य कुणाचं होतं ते मला ठाऊक नाही, आणि राजा बदलला म्हणून पाटी उचलणाऱ्याचं ओझं काही हलकं होत नाही. बांध घातला की पावसात फुटायचा. पुन्हा घातला, पुन्हा फुटला. सरकारचा निरोप आला, की या खेपेला बांध टिकला नाही तर कारभाऱ्याचं डोकं टिकणार नाही. तेव्हा हैबतरावाला देव आठवला.

तो आईच्या जुन्या मूर्तीपुढे कौल लावायला बसला. मूर्तीला पाण्यानं कळ्या चिकटवायच्या, नवस बोलायचा आणि उजवी कळी पडली तर आईला मान्य, असा आमच्याकडे रिवाज आहे. हैबतरावानं सोन्याचा मुखवटा बोलला, कळी हलली नाही. बोकड बोलला, पैठणी बोलली, काही नाही. सूर्य डोक्यावर आला, त्याचा घाम कानातल्या अत्तराच्या फायावरून गळायला लागला. तेव्हा मागे उभ्या असलेल्या पाटीवाल्या बायकांतून कुणीतरी म्हटलं, की राबणाऱ्याला दुपारी पाठ टेकायला सावली बोला. हैबतरावानं नाक मुरडलं, पण बोलला. आणि उजवी कळी पडली, म्हणे.

त्या पावसात बांध टिकला. तो हा समोरचा.

आता नवस फेडणं आलं, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. हैबतराव कंजूष नव्हता. पैसा सरकारचा होता, त्याला कशाला दुखेल? त्याची अडचण निराळीच होती. त्याला राबणाऱ्या माणसाच्या अंगाची किळस होती. दुपारी चुना मळायच्या घाण्या थांबल्या, की चुन्यानं पांढरी झालेली माणसं सापडेल त्या सावलीत आडवी व्हायची, गाडीखाली, भिंतीच्या पायथ्याला, रेड्याच्या शेजारीसुद्धा. तोंडं उघडी, तोंडावर माशा, चुन्यानं भेगाळलेले तळपाय वर. हैबतराव त्यांच्यामधून उपरण्यानं नाक दाबून जायचा आणि मेलेल्या गुरांसारखे पसरलेत म्हणायचा. ज्यांच्या घामावर याचं डोकं धडावर राहिलं, त्यांच्या घामाचा याला वास यायचा. मला हे सांगताना आजही शिसारी येते, आणि ती मी लपवत नाही.

दालन मात्र देखणं झालं. कोरीव खांब, तळ्याकडे उघडणारं दार, वारा यावा म्हणून उंच झरोके. जमीन तर अशी केली, की चोपण्यांनी चोपून चोपून आरशासारखी झाली. ती चोपली बायकांनीच. त्यात कोंडाई नावाची एक होती. तिचा नवरा मसू, दगडाचं काम करणारा, पंचक्रोशीत त्याच्या छिन्नीला तोड नव्हती. कोंडाईला दिवस गेलेले होते. चुन्याच्या पाट्या वाहून वाहून तिच्या पायांना सूज आली होती, घोटे दिसेनासे झाले होते. चोपता चोपता तिनं उत्तरेच्या खांबाजवळची जागा हेरून ठेवली होती. तळ्याचा वारा तिथं सरळ येतो, तुम्ही उभं राहून बघा. ती बायकांना सांगायची, दालन उघडेल त्या दिवशी मी इथं पाय पसरणार, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. बायका तिची थट्टा करायच्या, की कोंडाईनं राणीचा महाल राखून ठेवलाय.

काम पुरं होत आलं आणि हैबतरावाच्या पोटात दुखायला लागलं. या आरशावर ती माणसं लोळणार? तो घामाचा वास, ती चुन्याची पावलं इथं उमटणार? सरकार तळं बघायला येणार होते, त्यांना हे दाखवायचं? पण नवस आईला बोललेला, माणसांना मनाई केली तर आई कोपेल याची भीतीही होती. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असं काहीतरी त्याला हवं होतं. अशा माणसांना ते बरोबर सुचतं. त्यानं मसूला बोलावून सांगितलं, की आईनं बांध राखला, तेव्हा दालनाच्या चारही भिंतींत आईची मूर्ती बसव, चौथी दारावरच्या देवळीत.

मसू भोळा होता. त्याला वाटलं, कारभाऱ्याला भक्ती आली. त्याला असंही वाटलं, की आपली बायको इथं पडणार, तर आई चहूकडून तिच्यावर नजर ठेवील. त्यानं जीव ओतून मूर्ती कोरल्या. डोळे तर असे उघडे, असे टपोरे, की दालनात कुठंही उभं राहिलं तरी आई आपल्याकडेच बघते आहे असं वाटावं. मूर्ती भिंतीत बसणार म्हणून पाठी तशाच खडबडीत सोडल्या. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्यानं तेव्हा केलं, असं सगळेच सांगतात.

दालन उघडलं. नारळ फुटला. दुपार झाली, तशी माणसं हातपाय धुऊन आत आली. आईला हात जोडले आणि उभीच राहिली. कारण देवाकडे पाय करून झोपायचं नसतं, हे आपल्यात तान्ह्या पोरालाही कळतं. आणि इथं जिकडे पाय करावे तिकडे आई डोळे उघडून बघत होती. माणसं मांडी घालून बसली, पाठ ताठ, गुडघे जवळ, पंगतीला बसावं तशी. थोडा वेळ बसली आणि एकेक करून उठून गेली.

कोंडाई उत्तरेच्या खांबाजवळ गेली. पोटाला हात लावून ती एका भिंतीकडे वळली, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. कोपऱ्यात जाऊन बघितलं, तर तिथून दोन मूर्तींची नजर पडत होती. शेवटी तिनं दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"मी पाय कुणीकडं करू?" ती म्हणाली.

मसू एकेका मूर्तीकडे बघत गेला. त्या चार तोंडांतली एकेक रेघ त्यानंच कोरली होती.

माणसांतल्या जाणत्यांनी हैबतरावाकडे जाऊन विनवणी केली, की देवळ्यांना निदान दुपारपुरते पडदे लावा. हैबतराव गादीवर लोडाला टेकून, पाय लांब करून पान लावत होता. तो जे बोलला ते आमच्या गावात अजून पाठ आहे.

"मी कुणाला अडवलंय का? जागा आईची हाय. आईकडं पाय करायचे का न्हाई, ज्याचं त्यानं बघावं."

देवीच्या खांद्यावर बंदूक ठेवून त्यानं बार काढला. पडदा लावणं म्हणजे आईचं तोंड झाकणं, ते पाप त्यानं यांच्याच माथी मारलं असतं. माणसं परत आली आणि पुन्हा गाडीखाली, भिंतीखाली पडायला लागली. दालन रिकामं राहिलं. जमीन आरशासारखीच राहिली. पुढे सरकार आले, खांब बघून खूश झाले आणि विचारलं, की आत कुणी दिसत कसं नाही? तर हैबतराव हात जोडून म्हणाला, म्हणे, की महाराज, आपण एवढं केलं, पण या लोकांना विसाव्याची कदरच नाही, त्यांना मातीतच लोळायला आवडतं.

मला सगळ्यात जास्त ओकारी येते ती या वाक्याची. बांधताना पैसे खाल्ले असते तर मी त्याला नुसता चोर म्हटलं असतं. माणसाला झोपू द्यायचं नाही आणि वर त्याला झोप नकोच आहे असं सांगत सुटायचं, याला माझ्याकडे शब्द नाही. असा हैबतराव एकटाच होऊन गेला असं समजू नका.

दिवस भरत आले, तशी कोंडाईला उन्हात पडवेना. एका दुपारी तिनं एक वाट काढली. ती दारात आडवी झाली. डोकं आणि पाठ आत, सावलीत, आणि पाय उंबऱ्याबाहेर, उन्हात. आई दारावरच्या देवळीत आणि पाय तिच्याही पलीकडे, म्हणजे कुठल्याच मूर्तीकडे पाय झाले नाहीत. त्या अर्ध्या सावलीत तिला झोप लागली. कितीतरी दिवसांनी लागली असेल. बायका तिला उठवू नये म्हणून लांबून वळसा घालून जात होत्या.

तेवढ्यात हैबतराव आला. त्याला आत जायचं होतं, आणि दारात हे दोन सुजलेले, चुन्यानं फुटलेले पाय. त्यानं हातातल्या छडीच्या टोकानं ते पाय बाजूला सारले. हातानं नाही, पायानंसुद्धा नाही, छडीच्या टोकानं. रस्त्यात पडलेलं काहीतरी घाण सरकवावं तसं. कोंडाई दचकून उठली. लुगडं सावरलं, कुणाकडे न बघता पाटी उचलली आणि बांधाची चढण चढायला लागली. चढणीच्या मध्यावर ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. मूलही पोटातच गेलं.

मसू तिथं पोचला तेव्हा चुन्याची पाटी कलंडून तिच्या पाठीवर सांडली होती. त्यानं हातानं पाठ पुसली. मग बायकोला बायकांच्या स्वाधीन केलं, छिन्नी आणि हातोडा घेतला आणि दालनाकडे निघाला. त्याला ते चार चेहरे फोडायचे होते. त्याला कुणी अडवलं नाही, सगळी माणसं हातातलं काम टाकून त्याच्या मागे आली. भर दुपार होती, उजेड लख्ख होता, हे आमच्याकडे मुद्दाम सांगतात. अंधारात कुणी काही केलं असेल, असं म्हणायला जागा राहू नये म्हणून.

मसूनं उंबरा ओलांडला आणि हात खाली सोडला. फोडायला चेहरा नव्हता. चारही देवळ्यांत आईनं पाठ फिरवली होती. चुन्याचा सांधा जसाच्या तसा, खपली उडालेली नाही, आणि मूर्ती भिंतीकडे तोंड करून उभ्या. आणि ज्या पाठी मसूनं खडबडीत सोडल्या होत्या, त्या आता खडबडीत नव्हत्या. जवळ जाऊन बघा तुम्ही. अंबाडा आहे, कासोटा खोचलेला आहे, चोळीची शिवण आहे. ओझं वाहणाऱ्या बाईच्या पाठीला मधे जी पन्हळ पडते तीसुद्धा आहे. आणि उजव्या खांद्याखाली पांढरा डाग आहे, तो कितीही पुसला तरी जात नाही. मसूनं म्हणे एक पाठ बघितली, दुसरी बघितली, आणि छिन्नी-हातोडा खाली ठेवला. त्यानं ती पाठ ओळखली होती.

मग एक म्हातारी पुढे झाली. तिनं उत्तरेच्या खांबाजवळ पदर पसरला आणि पाय सरळ लांब करून आडवी झाली. तिच्यामागून सगळी माणसं आडवी झाली, धुळीच्या पायांनी, चुन्याच्या अंगांनी. त्या दिवशी घाणी पुन्हा सुरू झाली नाही. कुणी हाकही मारली नाही.

हैबतरावानं मूर्ती पुन्हा फिरवायला माणसं लावली. पहारी घातल्या, तर भिंतीला तडा गेला आणि मूर्ती जागची हलली नाही. तो तडा त्या दक्षिणेच्या भिंतीत आहे. पुढे हैबतरावाला आडवं होता येईना, असं सांगतात. वाड्यात, शेतात, परगावी, कुठंही अंथरूण घातलं तरी तो ज्या बाजूला पाय करी त्या बाजूनं त्याला दोन टपोरे डोळे बघताना दिसायचे. आईनं आमच्याकडे पाठ केली, म्हणजे तोंड कुणाकडे तरी असणारच. उरलेलं आयुष्य तो बसून झोपला आणि बसूनच मेला. मोक्ष मिळाला का नाही मला माहीत नाही. मिळाला नसेल तर मला दुःख नाही.

आईनं पाठ का फिरवली, यावर गावात दोन मतं आहेत. बरेच लोक म्हणतात, की आईला हैबतरावाची किळस आली, तिला त्याचं तोंड बघवेना. माझे सासरे म्हणायचे, की किळस आली असती तर ती निघून गेली असती. ती राहिली आणि वळून उभी राहिली, ते लेकींना पाय पसरता यावेत म्हणून. माझं विचाराल तर मला दोन्ही खरं वाटतं.

तुमचा प्रश्न मी विसरले नाही, साहेब. तुमच्या खोलीत गाद्या मऊ असतील, मी नाही म्हणत नाही. पण ती काच आणि तो अंगठा, तिथं कुणी पाय कुणीकडे करायचे? लोक फिरकत नाहीत, म्हणजे त्यांना विसावा नको आहे, असं तुम्ही मघाशी सहज बोलून गेलात. ते वाक्य मी आधी कुठं ऐकलंय, ते आता तुम्हालाही कळलं असेल. खाली मान घालू नका, मी भांडायला बसलेली नाही. आमच्या गावानं हे दालन पुरतं रिकामं बघितलेलं आहे, म्हणून सांगते.

आजही चिंचसरमध्ये एक रीत आहे. दालनात माणूस झोपलेला असताना त्याचा मालक, मुकादम, ठेकेदार, कुणीही आला, तरी तो झोपलेल्याकडे बघत नाही. त्यानं दारात आईसारखं वळायचं, झोपलेल्याकडे पाठ करायची आणि तळ्याकडे बघत थांबायचं. किती वेळ, ते विचारायचं नाही. मोठमोठे इंजिनियर इथं तसे उभे राहिले आहेत. त्यात कमीपणा नाही, आईसुद्धा तेच करते आहे. आणि दिवस राहिलेली बाई दुपारी या वाटेनं आली, तर तिला उत्तरेच्या खांबाजवळची जागा आजही उठून द्यावी लागते.

म्हणून आता मला एक सांगायचंय. तुम्ही आल्यापासून ही केतकी हातात फाईल धरून उभी आहे. कधी या पायावर, कधी त्या पायावर. मघाशी भिंतीला टेकली, तर साहेबांनी बघितलं म्हणून सरळ झाली. पोट अजून दिसत नाही, पण मी चार सुनांची बाळंतपणं केली आहेत आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर कसा उठतो ते मला कळतं. ऑफिसात अजून सांगितलं नसेल तिनं. का सांगितलं नसेल, ते तुम्ही घरी जाऊन विचार करा.

अरे बाबा, तू ऊठ जरा त्या खांबापासून, ताईला जागा दे. ती फाईल इकडे आण, मी धरते. साहेब, तुम्ही दारात जा आणि तळ्याकडे तोंड करून उभे राहा.

पड बाई. पाय हवे तिकडे कर.